कंबरेची ‘नस जाळणं’ म्हणजे नेमकं काय? आरएफए, कूल्ड, पल्स्ड, क्रायो यांत फरक कशाचा?

‘टाके नाहीत, पूर्ण भूल नाही, अर्ध्या तासात कंबरदुखीला रामराम.’ मोबाइलवर एकदा ‘कंबरदुखी उपाय’ असं सर्च करून बघा. पुढचे काही दिवस अशा धर्तीच्या रील्स फीडमध्ये येतच राहतात. हिरव्या गाऊनमधले डॉक्टर, पोटावर झोपलेला पेशंट, कंबरेत रुतवलेल्या तीन-चार सुया आणि स्क्रीनवर मणक्यांचा काळा-पांढरा एक्स-रे. कुणी याला आरएफए म्हणतं, कुणी कूल्ड आरएफ, कुणी पल्स्ड, कुणी क्रायो. कुणी सांगतं, आमच्याकडे कॅमेऱ्यातून बघून नस कापतात.

खाली कमेंट्समधले प्रश्न ठरलेले असतात. खर्च किती? पाय लुळे पडतील का? आणि यातलं सगळ्यात भारी कुठलं?

याच उपचाराबद्दल फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एक मार्गदर्शक सूचना छापून आली. जवळपास ८ हजार रुग्णांवर झालेल्या ८१ चाचण्यांची छाननी करून तज्ज्ञांच्या गटाने सांगितलं की, पाठीच्या कण्याच्या जुनाट दुखण्यात सांध्यांची नस जाळणं किंवा तिथे इंजेक्शनं देणं, हे नेहमीचे उपचार म्हणून करू नयेत. तेही ‘ठाम शिफारस’ या शब्दांत. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या वेदनातज्ज्ञांच्या संघटनांनी त्यावर लगेच हरकत घेतली. गंमत म्हणजे ब्रिटनच्याच ‘नाइस’ या सरकारी संस्थेच्या २०१६ च्या सूचनांमध्ये ठरावीक रुग्णांसाठी या उपचाराचा विचार करावा, असं लिहिलेलं आहे.

मग खरं काय? त्यासाठी आधी ही नस कोणती ते बघावं लागतं.

कुठली नस जाळतात?

मराठीत ‘नस’ हा शब्द फार मोकळा आहे. रक्तवाहिनीला नस, स्नायूच्या दोरीला नस आणि मेंदूकडे संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूलाही नसच. इथे विषय आहे तो मज्जातंतूचा.

दोन मणक्यांमध्ये पुढच्या बाजूला गादी असते, हे आता सगळ्यांना माहीत आहे. मागच्या बाजूला डावीकडे आणि उजवीकडे एकेक छोटा सांधाही असतो. त्याला फॅसेट जॉइंट म्हणतात. गुडघा झिजतो तसा हाही झिजतो, सुजतो, दुखतो. या सांध्याचं दुखणं मेंदूपर्यंत पोचवणाऱ्या बारीक तारेचं नाव मेडियल ब्रँच नर्व्ह. प्रत्येक सांध्याला अशा दोन तारा येतात, एक त्याच पातळीवरची आणि एक वरच्या मणक्याची. म्हणून एका बाजूचे दोन सांधे बंद करायचे तर तीन तारा जाळाव्या लागतात. रीलमध्ये तीन-चार सुया दिसतात त्या यामुळे.

ही तार पायाला ताकद देत नाही. त्यामुळे ‘पाय लुळे पडतील का’ या भीतीचं उत्तर असं की, जाळायची तार पायाची नसतेच. पायाकडे जाणारी मुख्य नस मात्र तिथून फार लांब नसते. म्हणून जाळण्याआधी सुईतून हलका करंट सोडून पाय हलतो का, पायात मुंग्या येतात का, हे तपासलं जातं. त्या वेळी पेशंट जागा असावा लागतो, कारण उत्तर त्यालाच द्यायचं असतं.

इथेच बऱ्याच जणांचा विषय संपायला हवा. ज्यांना कंबरेपासून मांडी, पोटरी, पावलापर्यंत कळ जाते, ज्याला आपल्याकडे ‘नस दबली’ किंवा ‘सायटिका’ म्हणतात, त्यांच्या दुखण्याचं मूळ सहसा दुसरीकडे असतं. फॅसेटची तार जाळून दबलेली नस मोकळी होत नाही.

एमआरआयमध्ये ‘गॅप’ आहे, मग?

सातारा-सांगलीकडे कंबरदुखीचं सगळ्यात लोकप्रिय निदान म्हणजे ‘मणक्यात गॅप आहे’. एमआरआयच्या कागदावर गादी फुगल्याचं, सांधे झिजल्याचं लिहून येतं आणि माणूस घाबरतो. पण २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन एकत्र केले गेले. विशीतल्या सुमारे ३० टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या निघाल्या आणि ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्क्यांच्या. दुखत मात्र कुणाचंच नव्हतं. म्हणजे फोटोत झीज दिसणं आणि तिथूनच दुखणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ‘नाइस’ने तर लिहूनच ठेवलंय की, या उपचाराच्या आधीची अट म्हणून स्कॅन करायला सांगू नका.

या पट्ट्यात कंबर दुखायला कारणं भरपूर आहेत. ऊसतोडीत मोळी बांधून ट्रॉलीत चढवायची, भांगलणीला दिवसभर वाकायचं, पहाटे आणि संध्याकाळी धार काढायला उकिडवं बसायचं. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती, मिरजेत सतारी-तंबोरे घडवणाऱ्यांची जमिनीवरची बैठक, पुणे-बेंगळुरू हायवेवरचे ट्रक. मुंबईच्या बाजारांत ओझी वाहणाऱ्या माथाडी कामगारांमध्ये या भागातली माणसं पिढ्यान्पिढ्या आहेत. त्यांचे नेते अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच. थकलेली, वाकलेली कंबर घेऊन ही माणसं परत गावी येतात.

आणि दाखवायला जागाही जवळच आहे. मिरजेत विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचं हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचं गाव झालं. कर्नाटकातूनही पेशंट इथे येतात. पुढे सरकारी मेडिकल कॉलेज आलं, कराडला कृष्णा हॉस्पिटल उभं राहिलं, साताऱ्यात सरकारी मेडिकल कॉलेज झालं. त्यामुळे ‘मिळतं का?’ यापेक्षा इथे ‘यातलं काय घ्यायचं?’ हा प्रश्न मोठा आहे.

साधं आरएफ: ८० अंशांचा चटका

आरएफ म्हणजे रेडिओफ्रिक्वेन्सी. सुईच्या टोकाभोवती विद्युत लहरींमुळे उष्णता तयार होते. साध्या पद्धतीत तापमान ८० ते ९० अंश सेल्सिअस नेतात आणि साधारण दीड मिनिट तसंच ठेवतात. आसपासच्या काही मिलिमीटरमधला मज्जातंतू भाजून निकामी होतो.

गावाकडे कंबरेवर बिब्बा घालायची किंवा तापल्या लोखंडाचा डाग द्यायची जुनी रीत आहे. रील बघून बऱ्याच जणांना तीच आठवते. पण डाग कातडीवर बसतो. ही तार कातडीखाली काही सेंटिमीटर आत, हाडाला चिकटून असते. तिथे पोचायला सी-आर्म एक्स-रे लागतो आणि शरीररचना पक्की ठाऊक असावी लागते.

ती पक्की ठाऊक नसताना काय झालं, याचा इतिहास रंजक आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात रीस नावाचे डॉक्टर या नसा चाकूने कापतो असं सांगत होते आणि पेशंटना बरं वाटतंय असा त्यांचा दावा होता. अमेरिकेत नॉर्मन शीली यांनी चाकूऐवजी आरएफची सुई आणली. त्यानंतर ऑस्ट्रेलियाचेच शरीररचनातज्ज्ञ निकोलाय बोगडक यांनी शवविच्छेदनातून दाखवलं की, ज्या जागी सुई ठेवतात तिथे ती तार नाहीच. चाकू तर तिथवर पोचतही नव्हता. तरीही लोकांना बरं वाटत होतं! कंबरदुखीच्या कुठल्याही उपचाराचे व्हिडिओ बघताना हा किस्सा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

बोगडक यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. साध्या आरएफमध्ये उष्णता सुईच्या कडेने पसरते, टोकाच्या पुढे फारशी जात नाही. म्हणून सुई तारेवर उभी टोचून उपयोग नाही, ती तारेला समांतर झोपवावी लागते. उभी सुई एका ठिपक्यापुरती तार भाजते, आडवी ठेवली तर बरीच लांबी. तार जितकी लांब भाजेल तितकी ती परत वाढायला वेळ जास्त. एकाच मशीनवर दोन डॉक्टरांचे निकाल वेगळे येतात, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

कूल्ड, पल्स्ड, क्रायो

कूल्ड आरएफ या नावाने गैरसमज होतो. नस गोठवत नाहीत, भाजतातच. फक्त सुईच्या आतून पाणी खेळवून टोक साधारण ६० अंशांवर ठेवतात, त्यामुळे टोकाला चिकटलेला भाग करपत नाही आणि उष्णता आणखी आत पसरते. जखम मोठी आणि गोलसर होते, टोकाच्या पुढेही जाते. सुईचा कोन थोडा चुकला तरी तार सापडण्याची शक्यता वाढते. किंमतही वाढते, कारण हे प्रोब महाग असतात.

महाग आहे म्हणजे चांगलं असेल? अमेरिकेत साधं आणि कूल्ड आरएफ यांची थेट तुलना करून २०१९ मध्ये निकाल जाहीर झाले. ४३ रुग्ण होते. सहा महिन्यांनी निम्मं किंवा जास्त दुखणं कमी झालेले कूल्डमध्ये ५२ टक्के, साध्यात ४४ टक्के. इतक्या कमी रुग्णांत हा फरक योगायोगानेही येऊ शकतो, संशोधकांनीही त्याला ठोस मानलं नाही. कंबरेच्या फॅसेटसाठी ‘कूल्डच घ्या’ असं सांगायला एवढं पुरेसं नाही.

पल्स्ड आरएफमध्ये लहरी सलग न सोडता झटक्या-झटक्याने सोडतात आणि तापमान ४२ अंशांच्या वर जाऊ देत नाहीत. म्हणजे नस जळत नाही, तिचं संदेश पाठवणं बदलतं असं मानलं जातं. ऐकायला सुरक्षित वाटतं आणि आहेही. पण फॅसेटच्या दुखण्यात साध्या आरएफशी तुलना झाली तिथे पल्स्डचा आराम लवकर ओसरला. पायाकडे जाणाऱ्या मुख्य नसेजवळ काम करायचं असेल, जिथे जाळणं परवडणारच नाही, तिथे पल्स्डचा विचार होतो. जाहिरातीत मात्र दोन्ही ‘आरएफ’च असतात. आपल्याला कुठलं करणार आहेत, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

क्रायोमध्ये खरोखरच गोठवतात. दाबाखालचा वायू टोकाशी मोकळा होताना तापमान उणे ६०-७० अंशांवर जातं आणि बर्फाचा छोटा गोळा तयार होतो. नसेचं बाहेरचं आवरण टिकतं, त्यामुळे ती पुढे व्यवस्थित वाढते आणि जळण्यानंतर कधी कधी येणारी आग-आग कमी होते, असं समर्थक सांगतात. कंबरेच्या सांध्यांसाठी मात्र याचा पुरावा आरएफच्या मानाने तोकडा आहे.

एंडोस्कोपीत कातडीला लहान छेद देऊन कॅमेरा आत घालतात आणि डोळ्यांनी बघून नस जाळतात किंवा तोडतात. तर्क चांगला आहे, कारण अंदाजाने भाजण्यापेक्षा बघून तोडणं बरं. पण ऑपरेशन थिएटर लागतं, खर्च वाढतो आणि आधार आहे तो बहुतेक छोट्या अभ्यासांचा.

आणखी एक प्रकार या यादीत चुकून घुसतो, तो म्हणजे बेसिव्हर्टिब्रल नर्व्ह अॅब्लेशन. ही नस मागच्या सांध्याची नाही, थेट मणक्याच्या हाडाच्या पोटातली आहे. हाडातून वाट काढून तिथे प्रोब नेतात. एमआरआयमध्ये मणक्याच्या कडांना मोडिक नावाचे ठरावीक बदल दिसतात अशाच रुग्णांसाठी ही पद्धत आहे. अमेरिकेत तिला २०१६ मध्ये परवानगी मिळाली. दुखण्याचा उगम वेगळा असल्याने तिची आणि फॅसेटच्या आरएफची तुलना करणं म्हणजे दाढदुखी आणि कानदुखीच्या औषधांची तुलना करणं.

मग ‘बीएमजे’ने नको का म्हटलं?

दोन अभ्यास शेजारी ठेवले की भांडण समजतं.

पहिला २००० सालचा, अमेरिकेतला. रुग्ण फक्त १५. पण प्रत्येकाला आधी दोन वेळा चाचणीचं इंजेक्शन देऊन दुखणं याच तारांमधून येतंय याची खात्री केलेली. वर्षानंतर त्यातल्या ६० टक्के लोकांचं दुखणं किमान ९० टक्के कमी झालेलं होतं. कंबरदुखीच्या जगात हा आकडा जवळजवळ अविश्वसनीय आहे. उणीव अशी की तुलनेला खोटा उपचार दिलेला गट नव्हता, आणि १५ म्हणजे फारच थोडे.

दुसरा नेदरलँड्समधला, २०१७ चा. १६ पेन क्लिनिक, ६८१ रुग्ण. सगळ्यांना व्यायाम, त्यातल्या काहींना व्यायाम अधिक आरएफ. आरएफ घेतलेल्यांना जाणवण्याइतका जास्त फायदा झाला नाही. टीकाकार म्हणाले, निवड ढिली होती आणि सुई ठेवण्याची पद्धतही बरोबर नव्हती. त्यावर दुसरी बाजू म्हणते, रोजच्या क्लिनिकमध्ये असंच होतं ना? मग रोजच्या पेशंटला मिळणारा निकालही हाच.

‘बीएमजे’च्या गटाने असे सगळे अभ्यास एकत्र केले आणि सरासरी फायदा नगण्य दिसला. पुरावा फार भक्कम नाही, हे त्यांनीही मान्य केलंय. हरकत घेणाऱ्यांचं म्हणणं असं की काटेकोर निवडलेले आणि सरसकट घेतलेले रुग्ण एकाच पातेल्यात घातल्यावर चव बिघडणारच. त्यात तथ्य आहे. हरकत घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं उत्पन्न याच उपचारांवर अवलंबून आहे, हेही तितकंच खरं.

पण एका मुद्द्यावर दोन्ही बाजू फार लांब नाहीत. न तपासता सरसकट नस जाळून फायदा होतो, असं जबाबदारीने कुणीच म्हणत नाही.

चाचणीचं इंजेक्शन: सगळं अडतं ते इथे

जुन्या अभ्यासांनुसार जुनाट कंबरदुखीत फॅसेट सांध्यांचा वाटा कमावत्या वयाच्या जखमी कामगारांत १५ टक्क्यांच्या आसपास आणि वयस्कर लोकांत ४० टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे बहुतेकांचं दुखणं दुसरीकडून येतं. हात लावून किंवा स्कॅन बघून हे खात्रीने ओळखता येत नाही.

म्हणून जाळण्याआधी त्याच तारांवर बधिर करणारं औषध अगदी थेंबभर, अर्धा मिली किंवा त्याहून कमी, सोडतात. याला डायग्नोस्टिक मेडियल ब्रँच ब्लॉक म्हणतात. काही तास तार बंद राहते. तेवढ्या वेळात पेशंटने झोपून राहायचं नसतं. ज्याने दुखतं तेच करायचं: वाकायचं, घागर उचलायची, गाडीवर बसायचं, जिना चढायचा. आणि दर तासाला दुखणं दहापैकी किती, ते कागदावर लिहायचं. दुखणं बरंच कमी झालं, तर जाळून उपयोग होण्याची आशा. नाही झालं, तर जाळूनही होणार नाही. किती कमी झालं म्हणजे ‘पास’, यावर मतभेद आहेत. कुणी ५० टक्के धरतं, कुणी ८०.

एकाच चाचणीवर विसंबलं तर फसगत होते. अनेक अभ्यासांत खोटा होकार २५ ते ४० टक्क्यांच्या घरात निघालाय. म्हणून काटेकोर डॉक्टर वेगळ्या दिवशी दुसरी चाचणी करतात. चाचणीच्या औषधात स्टेरॉइड मिसळलं किंवा पेशंटला गुंगीचं औषध जास्त दिलं, तर आराम कशाने पडला तेच कळत नाही.

आता हे कागदावरून जत किंवा माण तालुक्यात आणून बघा. चाचणीसाठी मिरजेला किंवा साताऱ्याला एक फेरी, दुसऱ्या चाचणीला दुसरी, जाळायला तिसरी. प्रत्येक फेरीला एसटीचं भाडं, सोबत येणाऱ्याचाही बुडालेला रोजगार, घरी जनावरांची धार कुणी काढायची हा प्रश्न. ‘आजच सगळं उरकून टाकू’ हे वाक्य पेशंटलाच सोयीचं वाटतं, आणि दवाखान्यालाही. पण चाचणीच्या एका फेरीत जे वाचतं ते नंतर जाळण्याच्या बिलात जातं, आणि दुखणं तिथेच राहू शकतं.

ठरवण्याआधी विचारायचे प्रश्न

दुखणं फॅसेटचंच कशावरून? चाचणीचं इंजेक्शन कधी, किती वेळा, त्यात स्टेरॉइड आहे का? जाळणार की पल्स्ड करणार? किती नसा, एका बाजूच्या की दोन्ही? सुई समांतर ठेवणार का, असंही विचारता येतं. डॉक्टर चिडले नाहीत आणि स्क्रीनवर दाखवून समजावलं, तर ते चांगलंच लक्षण.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, पेसमेकर असेल, दिवस गेले असतील, तर आधीच सांगावं लागतं. नंतर काही दिवस जागा ठणकते, कधी कंबरेवर बधिरपणा किंवा आग-आग राहते, जंतुसंसर्ग क्वचित होतो. आराम लगेच पडत नाही, दोन-तीन आठवडे लागू शकतात.

कंबरदुखीसोबत ताप, वजन उतरणं, कॅन्सरची किंवा टीबीची आधीची हिस्टरी, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, बसायची जागा बधिर होणं, पायातली ताकद जाणं यातलं काही असेल तर नस जाळण्याचा विचार बाजूला ठेवून तातडीने तपासून घ्यावं. आपल्याकडे मणक्याचा टीबी अजूनही होतो.

पैशांचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कवच आहे. पण ती ठरावीक उपचारांच्या यादीवर चालते. यादीत नसलेल्या उपचाराला कार्ड दाखवून उपयोग होत नाही, म्हणून दाखल होण्याआधी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडे उपचाराचं नेमकं नाव सांगून विचारावं. खासगी विमा असेल तर ‘डे केअर’मध्ये मंजुरी मिळते का, ते कंपनीकडून लेखी घ्यावं.

आणि ज्यांना खरंच फायदा होतो त्यांचीही नस साधारण सहा महिने ते वर्षभरात परत वाढते. दुखणं परतलं तर तीच नस पुन्हा जाळता येते. मधल्या काळात कंबर दुखत नसल्याने व्यायाम जमतो, स्नायूंना ताकद आणता येते. जाळलेली तार पाठीच्या मल्टिफिडस नावाच्या स्नायूलाही जात असल्याने ती ताकद मुद्दाम कमवावी लागते. आराम पडला म्हणून दुसऱ्याच दिवशी पोतं पाठीवर घेतलं, तर सांधा झिजतच राहतो. फक्त काही महिने ते कळत नाही.